मिठाचा बिल्ला

बिल्लेराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने कुणी हाक मारली, तर हा कुणाला बोलावतोय म्हणून ते स्वतःच मागे वळून बघत. कारखान्याच्या हत्यारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली. लोखंडी जाळीची एक खिडकी, खिडकीच्या आत ते आणि बाहेर कामगारांची रांग. ज्याला पाना हवा, ड्रिल हवं, कानस हवी, त्याने आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिडकीत ठेवायचा. बिल्लेराव हत्यार देत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या खुंटीवर तो बिल्ला अडकवून ठेवत. हत्यार परत आलं की बिल्ला परत. देताना खड्या आवाजात एकच शब्द म्हणत, "जमा!" समोर साहेब असो नाहीतर सख्खा मेहुणा, यांचं आपलं "आधी बिल्ला". मेहुणा पुढे काही महिने बोलत नव्हता म्हणतात. त्याचंही यांना विशेष वाईट वाटलेलं दिसलं नाही.

या पद्धतीचा त्यांना अभिमान होता. कोण कुठे, काय घेऊन गेलंय, हे कुणालाही न विचारता कळतं. भिंतीकडे नुसतं बघायचं. जिथे बिल्ला लटकतोय तिथली वस्तू बाहेर आहे आणि ती परत येणार आहे. माणसाच्या आठवणीवर काही सोडायचंच नाही, असं ते नव्या पोरांना सांगत. पुढे कारखान्यात कार्डाची यंत्रं आली आणि जुने बिल्ले भंगारात निघाले. तेव्हा निवृत्तीच्या दिवशी हा गृहस्थ बिस्किटांचा डबा भरून बिल्ले घरी घेऊन आला. "लोक शाल आणतात, घड्याळ आणतात," काकू म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे लोखंडबाजार आला."

काकू म्हणजे त्यांची बायको. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची, म्हणून आपणही म्हणू.

बिल्लेरावांचं दुसरं वेड म्हणजे कठडा. फार पूर्वी एकदा हत्यारखान्याच्या फळीवरून एक भला मोठा पाना घरंगळला आणि खाली उभ्या असलेल्या फिटरच्या अंगठ्यावर पडला. त्या दिवसापासून बिल्लेरावांच्या राज्यात कठड्याशिवाय फळी राहिली नाही. हे वेड नोकरीबरोबर संपेल असं काकूंना वाटलं होतं. कसलं संपतंय. निवृत्तीनंतर मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी आपलं छोटं सुतारकाम मांडलं आणि घरातली एकेक फळी कठड्याने बंदिस्त होत गेली. पुस्तकांच्या फळीला कठडा, औषधांच्या फळीला कठडा. न्हाणीघरातल्या साबणाच्या फळीला तर असा पक्का कठडा बसला की साबण पडेना, पण पाणीही पडेना आणि साबणाचा दोन दिवसांत लगदा होऊ लागला. "आता उशीला तेवढा कठडा लावा," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हे झोपेतून घरंगळायला नकोत."

काकूंची जीभ अशी तिखट होती आणि हाताला चव होती. आयुष्यात त्यांनी वाटी-चमचा घेऊन काही मोजलं नाही. मीठ चिमटीत धरायचं, भांड्यावर हात फिरवायचा, संपलं. पुस्तकात बघून स्वयंपाक करणाऱ्यांची त्या मनसोक्त टिंगल करायच्या. मुलीने एका वाढदिवसाला पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक भेट दिलं होतं, ते त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला अडसर म्हणून लावून टाकलं. "चांगलं वजनदार आहे हो," त्या मुलीला म्हणाल्या, "वाऱ्याने खिडकी आपटत नाही आता." मुलगीही हसली होती. आईच्या हातचं जेवत असताना कुणाची रागवायची टाप होती?

आणि मग या वर्षी कधीतरी सूप खारट झालं.

खारट सूप कुणाच्याही घरी होतं. पण चार दिवसांनी पुन्हा झालं, आणि मग भाजीचं झालं. काकू मीठ घालत, ढवळत, झाकण ठेवत, आणि झाकण काढलं की पुन्हा मीठ घालत. दूध करपलं. एकदा मुलगी आलेली असताना रिकाम्या शेगडीवर गॅस तसाच जळत राहिला होता आणि तो मुलीनेच बंद केला. बिल्लेराव खारट भाजी मूग गिळून खात राहिले आणि वर दोन पेले पाणी पीत राहिले. काकूंच्या लक्षात यायचं नाही असं थोडंच आहे? त्यांचं आपलं बोलणं कमी कमी होत गेलं. घरातली टिंगल बंद झाली, तेव्हा बिल्लेराव पहिल्यांदा घाबरले.

एका सकाळी स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने धाडकन आपटली. बिल्लेराव बघायला गेले तर अडसर जागेवर नव्हता. पुस्तक ओट्यावर होतं. काकूंनी ते बरणीला टेकवून उभं केलं होतं, वर लाटणं आडवं ठेवलं होतं, तरी पानं फिरून मिटत होती. त्या ओल्या हाताने पान शोधायच्या, वाचायच्या, वळून कांदा परतायच्या, पुन्हा वळेपर्यंत पुस्तक मिटलेलं. तिसऱ्यांदा मिटलं तेव्हा त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. मिटल्या पुस्तकापुढे त्या डोळ्यांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बिल्लेराव आल्या पावली मागे फिरले.

त्याच दुपारी मुलीचा फोन आला. "बाबा, मला आता भीती वाटते. गॅस, गरम तेल, सगळंच. स्वयंपाकाला बाई ठेवू या. आईला सांगायचं मी बघते, या रविवारी येते."

मुलीचं चुकत होतं असं नाही. पण काकूंचा ओटा दुसऱ्या बाईच्या ताब्यात गेला, तर काकू घरात असून नसल्यासारख्या होतील, हे बिल्लेरावांना लख्ख दिसत होतं. हत्यारखान्याची खिडकी बंद झाल्यावर सुरुवातीचे दिवस ते स्वतः कसे घरभर हिंडत होते, ते काही ते विसरले नव्हते.

"ये," ते म्हणाले. "पण जेवायला ये. आईच्या हातचं जेव आणि मग काय ते ठरव."

फोन ठेवून ते सरळ मागच्या खोलीत गेले. तिथे एका जुन्या कपाटाचं दार भिंतीला टेकून उभं होतं. चांगलं मुरलेलं लाकूड होतं. इतकी वर्षं कशासाठी जपलं होतं ते आज कळलं म्हणायचं.

त्यांनी दारातून दोन फळ्या कापल्या. एक पाठीची, पुस्तक टेकायला. एक बुडाची, पुस्तक ठेवायला, आणि ती चांगली खोल, कारण पुस्तक जाड. रंधा मारला तसा वरचा काळपट थर ढलप्या होऊन गळून पडला आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं. पाठीची फळी कमी-जास्त कलती करता यावी म्हणून मागे बिजागरीवर एक पाय बसवला आणि त्याला तीन खाचा पाडल्या. पानं मिटू नयेत म्हणून दोन बाजूंना दोन पातळ लाकडी बोटं केली, स्क्रूवर फिरणारी, पान उलटताना वर सरकवायची आणि मग खाली आणायची. ती बोटं पॉलिश पेपरने त्यांनी इतकी घासली की काकूंच्या गालावरून फिरवली तरी ओरखडा उमटला नसता.

आणि पुढे अर्थातच कठडा. तुम्ही काय समजलात?

पण हा कठडा नुसता अडवण्यापुरता नव्हता. बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी तीन बिल्ले काढले, चिंचेने घासून पिवळेधमक केले आणि प्रत्येकावर रंगाचा एकेक ठिपका दिला. पांढरा मिठाचा, लाल तिखटाचा, निळा गॅसचा. कठड्याला तीन पितळी खुंट्या बसवल्या. मीठ घातलं की पांढरा बिल्ला खुंटीवर. गॅस पेटवला की निळा खुंटीवर. जेवण तयार झालं, गॅस बंद झाला, की बिल्ले परत शेजारच्या छोट्या डबीत. खुंट्यांना आणि बिल्ल्यांना जागा हवी, म्हणून कठडा नेहमीच्या दुप्पट उंच केला. दिसायला तर झकास दिसत होता.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ते वार्निशचा हात देत होते.

"काय चाललंय?"

"काही नाही. फळी होती पडून. म्हटलं पुस्तकासाठी काहीतरी करावं."

काकूंनी चहा ठेवला. बोटाने एक बिल्ला हलवून बघितला. "पुस्तकाला बिल्ले कशाला लागतात?"

बिल्लेराव ब्रश पुसत बसले. खोटं बोलण्यात हा माणूस जन्माचा कच्चा.

"अहो," काकू म्हणाल्या, "मला काय समजत नाही का? तुम्ही दोन दोन पेले पाणी पिता ते मी बघते. लेकीचा फोन येतो, तुम्ही अंगणात जाऊन बोलता. मला सगळं कळतं. फक्त मीठ घातलं की नाही, तेवढं कळत नाही."

हे त्यांनी हसत म्हटलं, पण शेवटच्या शब्दापर्यंत ते हसू पोचलं नाही. बिल्लेरावांनी ब्रश खाली ठेवला.

"अगं, तुला म्हणून हे नाही," ते म्हणाले. "कारखान्यात एकापेक्षा एक तरबेज कारागीर होते. त्यांच्या हातात जादू होती. पण बिल्ला त्यांनाही लावावा लागायचा. लावला म्हणून कुणी कमी होत नव्हतं. डोकं कामात ठेवायचं आणि आठवण खुंटीला अडकवायची. एवढंच."

काकूंनी बिल्ला खुंटीवरून काढला, पुन्हा अडकवला. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते हो." आणि बिल्लेरावांनी वार्निश लागलेल्या हातानेच त्यांचा हात धरला. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी, दार उघडं असताना, असा हात धरल्याचं दोघांनाही आठवत नव्हतं. काकूंच्या मनगटावर वार्निशचा डाग पडला. तो पुढे बरेच दिवस निघाला नाही.

स्टँड वाळल्यावर बिल्लेरावांनी तो ओट्यावर ठेवला नाही. ओट्यावर पाणी उडतं, फोडणी उडते. शेगडीच्या बाजूला भिंतीवर दोन कोन ठोकून त्यांनी तो वर बसवला, पुस्तक कसं अगदी डोळ्यांसमोर. पुस्तक उघडून ठेवलं, समोर उभे राहिले, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचून बघितलं. सगळं स्वच्छ दिसत होतं. मग काकूंना बोलावलं. काकू त्यांच्या खांद्याला लागायच्या. त्यांनीही मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. कठड्यासकट छान आहे."

पहिल्यांदा त्यांनी लिंबाचा साधा केक केला. साहित्याची यादी आखूड, अर्ध्या पानातच संपलेली. निळा बिल्ला खुंटीवर गेला, वेळेवर उतरला, केक फुलला. काकूंनी शेजारी दोन तुकडे पाठवले आणि शेजारणीच्या केकची यथेच्छ टिंगल केली. ती टिंगल ऐकून बिल्लेराव मागच्या खोलीत जाऊन उगाचच एक गुळगुळीत फळी पुन्हा घासत बसले. माणूस सुखात असला की त्याला काहीतरी घासायला लागतं.

रविवारी मुलगी आली. टेबल मांडलेलं होतं. बटाट्याचं सूप, भाज्या घालून केलेला भात, काकडीच्या चकत्या. काकू सकाळपासून एकट्या स्वयंपाकघरात होत्या, कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. गॅस बंद होता, निळा बिल्ला डबीत होता, हे बिल्लेरावांनी जाता जाता बघून घेतलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

मुलीने सुपाचा चमचा तोंडात घातला आणि थांबली. बिल्लेरावांनी घातला. सूप सपक, अळणी. त्यांनी घाईघाईने भाताचा घास घेतला. भातही अळणी.

"वा," बिल्लेराव म्हणाले. हा माणूस खोटं बोलण्यात कच्चा, हे वर सांगितलंच आहे.

काकूंनी स्वतः चमचाभर सूप घेतलं. चमचा हळूच खाली ठेवला.

"आई," मुलगी अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मीठ राहिलं वाटतं."

"पुस्तकात नव्हतं."

"काय नव्हतं?"

"मीठ. मी यादी वाचून एकेक वस्तू ओट्यावर काढून ठेवली. वरपासून खालपर्यंत. पुस्तकात मीठ नव्हतं."

मुलीने बापाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हेच जास्त वाईट होतं. मिठाशिवाय सूप लिहिणारं पुस्तक जगात नसतं, हे तिला माहीत होतं, बापाला माहीत होतं, आणि काकूंनाही माहीत होतं.

"मी पांढरा बिल्ला हातात घेतला होता," काकू टेबलाकडे बघत म्हणाल्या. "मला वाटलं, मीठ लागतं. हात डब्याकडे गेला होता. मग पुस्तकात बघितलं, तर नाही. पुन्हा बघितलं. म्हटलं, पुस्तक काय चुकणार. मला आताशा काय काय वाटत असतं." त्यांनी एप्रन सोडला, घडी घातली आणि मुलीच्या ताटाशेजारी ठेवला. "तुझी बाई कधीपासून येईल ते ठरव. मी काही म्हणणार नाही."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माणसाला काही सुचलं नाही की तो निदान मीठ तरी आणायला उठतो. ते स्वयंपाकघरात गेले.

मिठाचा डबा ओट्याखालच्या फळीवर, कठड्याच्या आत. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, डबा काढला आणि उठू लागले. अर्ध्यावर कंबरेत चमक निघाली. ओट्याची कड धरून ते तसेच अर्धवट वाकलेले थांबले. समोर पुस्तक उघडं होतं. सुपाचं पान, वर मोठं चित्र आणि तळाशी यादी. सहज नजर गेली म्हणून यादी वाचली. बटाटे, कांदा, लोणी, दूध, मिरपूड. त्यापुढे कठडा.

कंबर सुटली तसे ते सरळ झाले. बटाटे, कांदा, लोणी, दूध, मिरपूड, मीठ चवीनुसार.

ते पुन्हा वाकले. मिरपूड, कठडा. उठले. मीठ चवीनुसार. वाकले. कठडा. भाताचं पान उलटलं. उभं राहून मीठ, वाकून कठडा. भातालाही तेच. लिहिणारीने मीठ सगळीकडे शेवटच्या ओळीत लिहिलं होतं आणि समोरच्या पानावरच्या कृतीत नुसतं "वरील सर्व साहित्य घाला" म्हणून मोकळी झाली होती. बिल्लेरावांचं उठणं-बसणं चालूच होतं. इतकी कवायत त्यांनी कारखान्याच्या भोंग्यावरही कधी केली नसेल.

"बाबा?" मुलगी दारात येऊन उभी होती. "काय करताय तुम्ही? बरं वाटत नाही का?"

"वाक," बिल्लेराव म्हणाले.

"अं?"

"आईएवढी हो. वाक. आता यादी वाच मला."

मुलगी गोंधळून वाकली. "बटाटे, कांदा, लोणी, दूध, मिरपूड."

"पुढे?"

"पुढे तुमचा तो कठडा."

"आता उभी राहा."

ती उभी राहिली. वाचलं. तिचा हात तोंडावर गेला.

"अगं ए!" बिल्लेराव इतक्या मोठ्याने ओरडले की गल्लीतल्या माणसाने मागे वळून बघितलं असेल. "इकडे ये! पुस्तकात मीठ नव्हतं! तू म्हणतेस ते खरं आहे, नव्हतंच मुळी! मी झाकलं होतं!"

काकू आल्या. त्यांना वाकायची गरज नव्हती. त्या आपल्या नेहमीच्या जागेवर उभ्या राहिल्या, यादी वाचली, आणि कठड्यापाशी थांबल्या. मग बिल्लेरावांनी पुस्तक उचलून खाली त्यांच्या हातात दिलं. काकूंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवून उभ्या राहिल्या.

"तुला वाटलं ते बरोबर होतं," बिल्लेराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "तुझा हात डब्याकडे गेला तो बरोबर गेला होता. चूक माझी आहे, माझ्या कठड्याची आहे." चूक केल्याचा इतका आनंद झालेला माणूस त्या घराने पूर्वी बघितला नव्हता.

काकू बोट न उचलता म्हणाल्या, "मेला तो कठडा." आणि मग रडू लागल्या, आणि रडता रडता हसू लागल्या, आणि मुलीने त्यांना मागून मिठी मारली.

सूप पुन्हा गरम केलं. मीठ काकूंनी घातलं, चिमटीने, न मोजता. पांढरा बिल्ला खुंटीवर अडकवला. तिघंही पोटभर जेवली.

निघताना मुलगी अंगणात बापाशी बोलली. ती काही खुळी नव्हती. "बाबा, आजचं कठड्यामुळे. पण आधीचं खारट, तो गॅस, ते काही कठड्यामुळे नव्हतं."

"नव्हतं," बिल्लेराव म्हणाले. "डॉक्टरांकडे नेतो. ते जे सांगतील ते करतो. पण ओटा तिचा तिच्याकडे राहू दे. बाकीच्यासाठी बिल्ले आहेत. बिल्ले कमी पडले तर मी आहे."

मुलीने मान हलवली. पिशवीतून तिने घडी केलेला एप्रन काढला. तिने तो कधी उचलला होता कुणास ठाऊक. आत जाऊन तिने तो आईच्या कमरेला बांधला आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी येते. लिंबाचा केक मला मिळाला नाही."

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत कठडा कापायचं काम निघालं. स्टँड तिथल्या फळीवर काकूंच्या उंचीला लावून बिल्लेराव पेन्सिल घेऊन बसले आणि काकू समोर उभ्या राहिल्या.

"कुठपर्यंत कापू?"

"अजून खाली."

"इथे?"

"अजून."

"अगं, पुस्तक घरंगळेल."

"घरंगळलं तर उचलीन मी. अजून खाली."

बिल्लेरावांनी जड मनाने करवत चालवली. काकूंनी लाकूड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, भुसा त्यांच्या एप्रनवर पडत होता. कठडा करंगळीएवढा उरला. खुंट्यांना जागा राहिली नाही, म्हणून बिल्लेरावांनी त्यांच्यासाठी पाठीच्या फळीला उजव्या बाजूने एक उभी पट्टी जोडली. एक खुंटी बसवली, दुसरी बसवली, तिसरी बसवली.

"चौथी बसवा," काकू म्हणाल्या.

"ती कशाची? साखरेची?"

"माझी."

बिल्लेरावांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून वर बघितलं.

"मी बाजारात जाते, तेव्हा तुम्ही खिडकीत येऊन उभे राहता. मागून दोनदा तर पिशवी घेऊन निघालात, जणू तुम्हालाही काही आणायचं होतं. मी आंधळी नाही. आता जाताना बिल्ला लावून जाईन. बिल्ला दिसला की समजायचं, बाहेर आहे, येणार आहे." भुसा बोटाने एका जागी गोळा करत राहिल्या. "अहो, पण एखाद्याचा बिल्ला लटकलेलाच राहायचा का कधी? म्हणजे वस्तू आलीच नाही परत, असं?"

"व्हायचं," बिल्लेराव म्हणाले. "कधी कधी."

"मग काय करायचात तुम्ही? बिल्ला काढून टाकायचात?"

"नाही. बिल्ला काढायचा नाही. मी खिडकी बंद करायचो, जाळीला कुलूप लावायचो आणि कारखानाभर शोधत फिरायचो. सापडेपर्यंत घरी आलोय का मी कधी? जेवण तूच झाकून ठेवायचीस."

"हो," काकू म्हणाल्या. "ठेवायचे खरी."

बिल्लेरावांनी चौथी खुंटी बसवली. डब्यातले सगळे बिल्ले त्यांनी काकूंसमोर ओतले. त्यातला कडेला घासून पातळ झालेला एक काकूंनी निवडला. त्याचा नंबर वाचता येत नव्हता. त्याला ठिपका द्यायचा नाही म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस सगळे सारखे गेले असं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कधी पांढरा बिल्ला खुंटीवर असूनही काकू डबा उघडायच्या, बिल्ला बघायच्या आणि डबा बंद करायच्या. कधी बिल्ला लावायचाच राहून जायचा आणि बिल्लेराव काही न बोलता पाणी प्यायचे. पण ओटा काकूंचा होता. रविवारी मुलगी यायची, तेव्हा स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज यायचा.

एका संध्याकाळी चौथ्या खुंटीवर बिल्ला लावून काकू लिंबं आणायला गेल्या. दुकान कोपऱ्यावर. बिल्लेराव स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. चहाचं पाणी ठेवलं, निळा बिल्ला लावला, चहा झाला, बिल्ला उतरवला. काकूंचा चहा झाकून ठेवला. तो निवला. बिल्ला लटकत होता. त्यांनी चपला घातल्या, दाराला लावायला कुलूप हातात घेतलं आणि पुन्हा एकदा बिल्ल्याकडे बघितलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. काकू आल्या. हातात लिंबांची पिशवी, कपाळावर घाम. दुकानातून निघून त्या उलट्या दिशेला वळल्या होत्या. बरंच पुढे गेल्यावर आपलं घर कुठे ते आठवेना, म्हणून एका पायरीवर बसून राहिल्या होत्या. हे त्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी त्या फक्त दारात उभ्या राहिल्या, बिल्लेरावांच्या पायांतल्या चपलांकडे आणि हातातल्या कुलपाकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली.

"जमा करून घ्या," त्या म्हणाल्या.

जन्मभर जो शब्द खिडकीतून खड्या आवाजात दिला, तो बिल्लेरावांच्या तोंडातून फुटेना. त्यांनी खुंटीवरचा बिल्ला काढला, काकूंच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं वरून मिटली.